अकरा मिनिटं वीस सेकंद

या बिल्डिंगमध्ये राहायला येऊन आम्हाला चारच दिवस झाले होते. सकाळी दूध घ्यायला दार उघडलं तर कडीला एक पिवळी चिठ्ठी बांधलेली. दोऱ्याने, नीट गाठ मारून. तिच्यावर निळ्या शाईत लिहिलं होतं: 'घंटी. होल्ड. आवाज घोगरा, बटण दोनदा दाबावे लागते. फेरतपासणी सोमवारी.' खाली तारीख आणि सही, वि. गो. टेंबे.

आमचे हे म्हणाले, "बिजलीवाल्यांची नोटीस असेल." मी म्हटलं, बिजलीवाले कशाला एवढं सुवाच्य लिहितील? सोमवारी साडेआठला एक उंच, सडपातळ गृहस्थ पेचकस घेऊन हजर झाले. काही न बोलता घंटीचं झाकण उघडलं, आत ब्रशने साफ केलं, झाकण लावलं आणि पाच वेळा बटण दाबलं. पाचही वेळा घंटी वाजली. मग खिशातून हिरवी चिठ्ठी काढून कडीला बांधली आणि म्हणाले, "पास." मी चहाला थांबा म्हटलं तर म्हणाले, "ड्यूटीवर असताना घेत नाही." आणि वर आपल्या घरी निघून गेले. निवृत्त होऊन त्यांना तेव्हा चार वर्षं झाली होती, ही माहिती मला नंतर मिळाली.

तर हे टेंबेकाका. इथे भोपाळच्या गोविंदपुऱ्यातल्या एका कारखान्यात एकतीस वर्षं तपासणी खात्यात होते. आलेल्या मालाला आधी पिवळी चिठ्ठी, म्हणजे होल्ड. मोजमाप झालं की हिरवी किंवा लाल. निवृत्तीच्या दिवशी कारखान्याने शाल आणि नारळ दिला. काकांनी शाल काकूंना दिली, नारळ फोडला आणि दुसऱ्या दिवशी न्यू मार्केटात जाऊन तिन्ही रंगांच्या चिठ्ठ्या स्वतःसाठी छापून आणल्या. आता त्यांच्या घरात खुर्ची, कुकर, कॅलेंडर, काकूंचा चष्मा, सगळ्यांना काही ना काही बांधलेलं असतं.

शर्टाच्या खिशात पेन असतं तिथे काकांचा जाडी मोजायचा व्हर्निअर असतो. रविवारी ते पोहे-जिलबी आणतात आणि जिलबी तोंडात जाण्याआधी मोजली जाते. एकदा म्हणाले, "जाडी साडेसहा. गेल्या रविवारी आठ होती. कारागीर बदललाय." मला हसू आवरेना. खाली उतरून मिठाईच्या दुकानात विचारलं तर खरंच कारागीर बदलला होता, जुना बहिणीच्या लग्नाला सागरला गेला होता. त्यानंतर मी काकांना हसणं जरा कमी केलं.

काकू मात्र चाळीस वर्षांत हसायच्या थांबलेल्या नाहीत. "अगं, लग्नाआधी मलाही अठरा दिवस होल्डवर ठेवलं होतं," त्या सांगतात. "पत्रिकेत लिहिलेल्या उंचीपेक्षा अर्धा इंच कमी भरले म्हणून."

"पाऊण," काका आतून ओरडतात.

हसण्यावारी नेता येणार नाही अशीही एक गोष्ट आहे. कारखान्यात एकदा मोठ्या साहेबांनी काकांना बोलावून सांगितलं होतं की त्या अमुक शाफ्टचा आकडा जरा सुधारून लिहा, ट्रक गेटवर उभा आहे. फरक केसाच्या जाडीपेक्षाही कमी होता. काका म्हणाले, "साहेब, आकडा माझा नाही, मालाचा आहे. मी बदलू शकत नाही." त्यांची दोन वर्षं गोदामात रवानगी झाली. तिथे ते बारदान मोजत बसले, पण आकडा बदलला नाही. हे ते कधी स्वतःहून सांगत नाहीत, काकूच सांगतात, आणि सांगताना हसत नाहीत.

आणखी एक नियम. एकट्याने घेतलेलं माप काका मानत नाहीत. एकाने मोजायचं, दुसऱ्याने बघायचं आणि वहीत दोघांनी सह्या करायच्या. "एकट्याचा आकडा म्हणजे नुसतं मत," असं त्यांचं म्हणणं. काकूंनी सही करायला लग्नाच्या पहिल्याच वर्षी नकार दिला. त्यामुळे आम्ही राहायला आल्यापासून दुसरी सही माझी असते. गॅस सिलिंडरचं वजन, जिन्याच्या पायऱ्यांची उंची, टाकीतलं पाणी, कशाकशावर मी सह्या केल्यात मलाच आठवत नाही.

मी शाळेत कॉम्प्युटर शिकवते. याचा अर्थ आमच्या बिल्डिंगमध्ये असा घेतला जातो की ज्या वस्तूला वायर आहे ती मला दुरुस्त करता येते. लोक मिक्सरसुद्धा आणून ठेवतात. काका मला 'मास्तरीणबाई' म्हणतात, आणि त्यांचा लॅपटॉप माझ्या गळ्यात पडला तो त्याच न्यायाने.

लॅपटॉप त्यांच्या मुलाचा, नितीनचा. त्याने कॉलेजात असताना गेम खेळायला घेतलेला. जाडजूड, काळा, कळफलकात लाल दिवे, आणि पंखा सुरू झाला की काकू आतून विचारणार, "अहो, कुकर लावलाय का कुणी?" नितीनची बदली पुण्याला झाली तेव्हा त्याने नवा घेतला आणि हा इथेच राहिला. लॅपटॉप राहिला, पण नितीन, सून आणि अकरा वर्षांची रेवा, तिघं गेली. रेवा जन्मापासून याच घरात वाढलेली. तिच्या उंचीच्या खुणा अजून काकांच्या दारावर आहेत, मिलिमीटरमध्ये.

पुण्याला गेल्यावर पहिले काही महिने काका रोज फोन करायचे. आता, तेराव्या वर्षात पाऊल टाकलेली मुलगी फोनवर आजोबांशी काय बोलणार? "कशी आहेस?" "ठीक." "शाळा?" "ठीक." "जेवलीस?" "हं. आबा, ठेवू?" झालं, संपला फोन. काका रिसीव्हर नसलेल्या त्या फोनकडे बघत बसायचे. मग रेवानेच तोड काढली. दोघांनी मिळून खेळायचा एक गेम तिने आबांना शिकवला. त्यात दोघं आपापला ट्रक घेऊन डोंगराच्या रस्त्याने माल पोचवतात. रविवारी दहा ते अकरा. अकराला तिचा क्लास.

काकांना गेममध्ये बघणं हा एक सोहळा होता. निर्मनुष्य जंगलात, काल्पनिक सिग्नलला, ते ट्रक थांबवून उभे राहत. "आबा, मागे कोणी नाहीये, चला ना यार!" रेवा ओरडायची. "सिग्नल लाल आहे," काका म्हणायचे. माल नीट बांधला आहे का हे बघायला ते तीन-तीनदा ट्रकमधून उतरत. तरी ती खेळायची. पडद्याच्या कोपऱ्यात तिच्या नावापुढे हिरवा ठिपका उमटला की काका खुश व्हायचे. "आली. पास," म्हणायचे.

घोटाळा एकच होता. लॅपटॉप सुरू व्हायला अकरा मिनिटं लागायची. उगीच म्हणत नाही, अकरा मिनिटं वीस सेकंद, आजूबाजूला. काका स्टॉपवॉच लावून दर रविवारी वहीत लिहायचे आणि मी तिथे असले तर दुसरी सही मी करायचे. दहाला रेवाचा फोन यायचा, काका बटण दाबायचे, पडद्यावर ते गोल फिरायला लागायचं, फोन स्पीकरवर टेबलावर पडलेला असायचा. लॅपटॉप सुरू होऊन गेम उघडेपर्यंत तासातला चांगला पाव तास गेलेला. वर गेमचे नवे रस्ते उघडायला आणखी वेळ. "आबा, तुमचा रस्ता दिसेपर्यंत मी अर्ध्यावर पोचते!" रेवा कुरकुरायची. "एसएसडी टाका ना, प्लीज. लीनाकाकूला सांगा."

लीनाकाकू म्हणजे मी. मी म्हटलं, एवढंच ना? जुन्या लॅपटॉपमध्ये चकती फिरते, ती काढून बिनचकतीची नवी डिस्क टाकायची, अर्ध्या दिवसाचं काम. या वाक्यानंतर तीन महिने गेले.

काकांनी आधी आलेखाच्या कागदावर तुलनात्मक तक्ता केला. मग आम्ही टी. टी. नगरात शकीलभाईंच्या दुकानात गेलो. शकीलभाईंनी जुन्या डिस्कच्या आकाराची, चपटी पेटी दाखवली. काकांनी व्हर्निअर काढला. "पाकिटावर सात मिलिमीटर लिहिलंय. माल सहा पूर्णांक आठ. शिवाय जुनी साडेनऊची आहे. आत खुळखुळेल."

"काका, त्यासाठी सोबत फ्रेम येते," मी म्हटलं.

"प्लॅस्टिकची. भोपाळचा मे महिना पाहिला आहेस ना?" आणि खिशातून लाल चिठ्ठी.

शकीलभाईंनी चिठ्ठी उलटसुलट करून पाहिली आणि अस्सल भोपाळी थाटात म्हणाले, "को खां, अंकल, हार्ड डिस्क ले रहे हो या दामाद पसंद कर रहे हो?"

दुसऱ्या खेपेला च्युइंगगमच्या पट्टीसारखी दिसणारी छोटी डिस्क पाहिली, फार वेगवान. तिला एक खाच होती आणि आमच्या लॅपटॉपच्या जागेला दुसरीकडे. काकांनी भिंगातून बघून ती बाद केली, आणि खरं सांगायचं तर बरोबर केली, ती बसलीच नसती. तिसरी सगळीकडून बसत होती. तिच्या माहितीपत्रकात लिहिलं होतं की हिच्यावर अमुक इतकं लिहून झालं की हिचं आयुष्य संपतं. काकांनी दोन दिवस हिशोब केला. आठवड्याला एक तास खेळलं तर ती डिस्क रेवाच्या पणतवंडांनाही पुरणार होती. "पास ना मग?" मी आशेने विचारलं.

"इतकं टिकणारी वस्तू संशयास्पद असते," काका म्हणाले आणि पिवळी चिठ्ठी बांधली.

माझा तोल गेला. शनिवार दुपार, चाळीस वह्या तपासायच्या पडलेल्या, आणि मी भर दुकानात उभी. "काका, तुम्हाला बदलायचीच नाहीये का ती डिस्क? पोरगी तिकडे वाट बघते. एक दिवस कंटाळून खेळणं सोडून देईल, मग बसा चिठ्ठ्या बांधत!" शकीलभाईसुद्धा दचकले. काका व्हर्निअरचा स्क्रू उगीच घट्ट करत राहिले. "माप अजून पूर्ण झालेलं नाही," एवढंच म्हणाले. मला वाटलं, म्हातारा हट्टाला पेटलाय.

पुढच्या आठवड्यात डिस्कनेच निर्णय दिला. आतून कट-कट आवाज यायला लागला. मी तपासून सांगितलं की ती शेवटच्या घटका मोजतेय, एखाद्या रविवारी उघडणारच नाही. मग ट्रक नाही, रस्ता नाही, रेवा नाही. काकूंनी पदराने हात पुसले आणि नवऱ्याकडे पाहिलं. काका म्हणाले, "आणा. तपासतो."

या वेळी मीही हट्टाला पेटले होते. चौथी डिस्क आणली, बरोबर सात मिलिमीटरची. गोविंदपुऱ्यात आमच्या ह्यांच्या ओळखीचं छोटं वर्कशॉप आहे, तिथून अडीच मिलिमीटरची अॅल्युमिनियमची फ्रेम कापून घेतली. सात अधिक अडीच, साडेनऊ. मे महिना येवो नाहीतर प्रलय.

काकांनी पाच ठिकाणी मोजलं. मग पुन्हा पाच ठिकाणी. कडा बघितल्या, भोकं बघितली, माहितीपत्रक मागून पुढे वाचलं. दहाही मापं बरोबर. मी हाताची घडी घालून समोर उभी. खोट काढायची असती तर काढता आली असती, मला काय कळणार होतं? पण ते काकांना जमण्यातलं नव्हतं. त्यांनी ड्रॉवरमधून हिरवी चिठ्ठी काढली. "पास," म्हणाले, इतक्या हळू की काकूंनी "काय?" म्हणून विचारलं. मी ऐटीत दुसरी सही ठोकली.

दिवसभर लागून जुन्या डिस्कवरचं सगळं नव्या डिस्कवर उतरवलं, स्क्रू लावले, बटण दाबलं. सोळा सेकंद! काकूंनी टाळ्या वाजवल्या. मी तर स्वतःवरच इतकी खुश झाले की शाळेच्या स्टाफरूममध्ये दोन दिवस दुसरा विषय नव्हता.

त्या रविवारी दहा वाजून सोळा सेकंदांनी काका तयार होते. "वॉव, आबा! चला!" रेवा ओरडली आणि ट्रक निघाले. डावीकडे, ब्रेक, पूल, उतार, माल पोचला. पावणेअकराला "बाय आबा!" आणि फोन बंद. पुढच्या रविवारी साडेदहालाच सगळं आटोपलं. मी म्हटलं, बघा, केवढा वेळ वाचला. काका म्हणाले, "हो. वाचला."

त्यानंतरच्या आठवड्यात मी काकूंकडे विरजण मागायला गेले होते. काका बाहेर गेले होते. टेबलावर ती वही पडली होती, लॅपटॉपच्या वेळांची. जिथे मी डोळे झाकून सह्या करत आले होते. मी सहज उघडली.

डावीकडे तारीख, मग वेळ, मग सह्या. आणि अगदी उजवीकडे, काकांच्या कारखान्याच्या सवयीप्रमाणे, शेऱ्याचा रकाना. मी आजवर सही करताना तो कधी वाचला नव्हता. अकरा मिनिटं अठरा सेकंद: 'उजवी खालची दाढ दुखते, आईला सांगितलेले नाही.' अकरा मिनिटं पंचवीस: 'मैत्रीण अन्वीशी अबोला. चूक हिचीच आहे, कबूल केले.' अकरा वीस: 'उंची १५१ सेमी. मोजमाप नितीनचे, विश्वासार्ह नाही.' अकरा बावीस: 'कबुतराला घाबरते, वर्गात कोणाला माहीत नाही.' अकरा वीस: 'इथल्या गच्चीची आठवण येते म्हणाली.' पानंच्या पानं. शेवटच्या दोन ओळींत वेळ सोळा सेकंद. शेऱ्याचा रकाना कोरा.

काकू मागे येऊन उभ्या होत्या. "नुसता फोन केला तर बोलत नाही गं ती," त्या म्हणाल्या. "खेळताना बोलत नाही. ते गोल फिरत असायचं ना, तेव्हा दुसरं काही करायला नसायचं. मग बोलायची."

मला इतकं वाईट वाटलं म्हणून सांगू! तीन महिने हा माणूस लाल-पिवळ्या चिठ्ठ्या बांधून ती अकरा मिनिटं वाचवत होता, आणि मी वर्कशॉपमधून फ्रेम कापून आणून ती बंद पाडली. विरजण तिथेच विसरून मी घरी आले.

रविवारी न बोलावता वर गेले. म्हटलं, काही तरी करू, जुनी डिस्क चालत असेल तर ती परत बसवू. दहा वाजत आले होते. काकांनी लॅपटॉप आधीच सुरू केला होता. गेम उघडलेला, ट्रक रस्त्यावर तयार उभा. स्टॉपवॉच आणि वही बाजूला. मी काही बोलणार तेवढ्यात फोन वाजला. काकांनी स्पीकर लावला आणि स्टॉपवॉच दाबलं.

"आबा, झाला चालू?"

काकांनी समोरच्या ट्रककडे पाहिलं. मग माझ्याकडे. त्यांचे कान लाल झाले होते. "नाही गं," ते म्हणाले. "गोल फिरतंय अजून."

काकूंच्या हातातलं जिलबीचं ताट अर्ध्यावर थांबलं. आकडा बदलत नाही म्हणून दोन वर्षं बारदान मोजलेला माणूस, आणि तो धडधडीत खोटं बोलत होता. तेही इतकं वाईट की शाळेतल्या पहिलीच्या पोराने पकडलं असतं.

"नवीन डिस्क असून?" रेवाने विचारलं.

"नवीनच आहे. पण… थंडी आहे ना इकडे."

माझं लक्ष पडद्याच्या कोपऱ्याकडे गेलं. रेवाच्या नावापुढे हिरवा ठिपका होता. ती गेममध्ये येऊन बसलेली होती. काकांना हे माहीत नव्हतं, पण मला माहीत होतं: तो ठिपका दोन्हीकडे लागतो. तिचं नाव इथे हिरवं, म्हणजे आबांचं नाव तिच्या पडद्यावर हिरवं. आबा आधीपासून तयार बसलेत, हे तिला समोर दिसत होतं.

"फिरू दे मग," रेवा म्हणाली. "घाई नाहीये. आबा, सांगू का, अन्वी परत बोलायला लागली. पण ना, एक गडबड झालीय. आईला सांगू नका हं."

"नाही सांगत," काका म्हणाले आणि खुर्ची फोनजवळ ओढली.

ती बोलत राहिली. अन्वी, दाढ, नव्या सरांची मिशी, पुण्याच्या जिलबीला चव नाही ते. काका मधेच "मग?" म्हणायचे. समोर ट्रक इंजिन सुरू ठेवून उभा होता. काकू ताट घेऊन तशाच दाराशी उभ्या, आणि मी कितीही आवरलं तरी माझे डोळे भरून आले होते. काकांनी मात्र स्टॉपवॉचवरची नजर हलवली नाही. काटा नेमका तिथे आल्यावर म्हणाले, "आलं बघ आता."

"आलं? चला मग, आबा. आणि सिग्नलला थांबायचं असेल तर थांबा."

अकराला फोन बंद झाला. काकांनी वही ओढली, पेन उघडलं. तारीख घातली. वेळेच्या रकान्यात त्यांचा हात जरासा थांबला, मग लिहिलं: अकरा मिनिटं वीस सेकंद. सही केली. शेऱ्याचा रकाना पुरेना, समासात गेले. मग वही माझ्यापुढे सरकवली, माझ्याकडे न बघता.

"दुसरी सही," म्हणाले. "नीट वाचून कर."

मी नीट वाचलं आणि सही केली.